चाकात हवा भरणारा पशुवैद्य

मोटारीचे टायर झिजले की ग्राहकापुढे आकड्यांची आणि नावांची रांग उभी राहते. रुंदी किती, उंची किती, रिम केवढी, रबर मऊ की कडक, आणि शेवटी कोणत्या कंपनीचा टायर घ्यायचा? गाडी चपळ, वेगवान हॅचबॅक असेल तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. वळणावर गाडी रस्त्याला घट्ट धरून राहावी, पावसात घसरू नये, खड्ड्यात रिम वाकू नये आणि टायर लवकर झिजूही नये, अशा परस्परविरोधी अपेक्षा एकाच रबरी कड्याकडून केल्या जातात. दुकानात दिसणाऱ्या नावांपैकी काही नावे मुळात माणसांची आहेत. त्यांतील डनलॉप हे नाव ज्या गृहस्थाचे, ते ना अभियंते होते, ना कारखानदार. जॉन बॉईड डनलॉप हे व्यवसायाने गुराढोरांचे डॉक्टर होते.

हवा भरलेल्या टायरची कल्पना सर्वप्रथम सुचली ती त्यांना नव्हे. त्यांचे पेटंटही टिकले नाही. त्यांच्या नावाच्या कंपनीने कोट्यवधी पौंड मिळवले, त्यांतील फार थोडा वाटा त्यांच्या हाती आला. तरीही चाकात हवा कायमची मुक्कामाला आली ती त्यांच्यामुळेच. टायर म्हणजे मुळात काय आणि त्याची पारख कशी करावी, याचे उत्तर त्यांच्या साध्या प्रयोगात आजही सापडते.

शेतकऱ्याच्या घरातील मुलगा

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. आपण दोन महिने आधी जन्माला आलो, त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे, अशी त्यांची समजूत होती आणि ते आयुष्यभर तसेच जपून वागले. प्रत्यक्षात ८१ वर्षांच्या आयुष्यात अखेरच्या दिवसांपर्यंत त्यांना कोणताही गंभीर आजार झाला नाही.

एडिंबरा येथील डिक यांच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि वयाच्या १९ व्या वर्षी ते पशुवैद्य झाले. काही वर्षे स्कॉटलंडमध्ये व्यवसाय केल्यावर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. डाउनपॅट्रिक येथे बंधू जेम्स यांच्यासह त्यांनी दवाखाना काढला. पुढे बेलफास्ट शहरातील मे स्ट्रीटवर त्यांच्या व्यवसायाचा चांगला जम बसला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली.

त्या काळी घोडा हाच वाहतुकीचा कणा होता आणि त्यामुळे शहरातील पशुवैद्याला कामाची वाण नव्हती. फरसबंदी रस्त्यावर लोखंडी धावेची गाडी ओढणाऱ्या जनावराला काय सोसावे लागते, हे डनलॉप यांच्याइतके जवळून पाहणारे थोडेच असतील. रबर हाताळण्याचा अनुभवही त्यांना होता. या दोन गोष्टी पुढे एकत्र आल्या त्या मुलाच्या हट्टापायी.

अंगणातील प्रयोग

बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे होते. मुलाची तीनचाकी सायकल त्यांवरून धडधडत जाई, प्रत्येक चिऱ्याचा हादरा अंगापर्यंत पोहोचे आणि वेगही मिळत नसे. ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी यावर उपाय शोधण्याचे ठरवले. त्या वेळी त्यांचे वय ४७ होते.

त्यांनी सुमारे ९६ सेंटीमीटर व्यासाची एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून नळी तयार केली, फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली आणि ती नळी लिननच्या कापडाच्या पट्टीने तबकडीच्या कडेवर पक्की बसवली. बेलफास्ट हे लिनन विणणारे शहर असल्याने कापडाला तोटा नव्हता. नंतर हे चाक आणि तीनचाकीचे मूळ चाक त्यांनी अंगणात एकापाठोपाठ लोटून दिले. मूळ चाक थोडे अंतर जाऊन थांबले. हवेचे चाक मात्र अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि फाटकाच्या खांबावर आपटून परत उसळले.

या छोट्या प्रयोगामागील तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. कडक चाकापुढे खडा आला की संपूर्ण चाक, आणि त्यावरील भारासह गाडी, तेवढी उचलावी लागते. प्रत्येक खड्यागणिक पुढे जाण्याची शक्ती वर उचलण्यात खर्ची पडते. हवेच्या चाकात खडा जेथे लागतो तेथेच रबर आत दबते, खडा पोटात घेते आणि पुन्हा पूर्ववत होते. गाडी उचलली जात नाही. त्यामुळे हादरा कमी होतो आणि वेगही टिकतो. आरामासाठी वेग सोडावा लागतो, असा त्या काळचा समज होता. डनलॉप यांच्या अंगणातील चाकाने तो खोटा ठरवला.

यानंतर त्यांनी मुलाच्या तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना असे टायर बसवले. पुढे मोठ्या सायकलचे टायर करून दक्षिण बेलफास्टमधील चेरीव्हेल क्रीडांगणावर त्यांची चाचणी घेतली. १८८८ च्या जुलैमध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

हसणारे प्रेक्षक, जिंकणारा स्वार

त्या काळच्या सायकलींची चाके सडपातळ असत. त्यांच्या शेजारी हे फुगीर टायर बेढब दिसत आणि लोक त्यांची टिंगल करत. बेलफास्ट क्रूझर्स या सायकल क्लबचा कप्तान विली ह्यूम याने मात्र हवेचे टायर असलेली सायकल विकत घेतली. तिच्यावर शर्यतीत उतरावे, असे डनलॉप यांनी त्याला सुचवले.

१८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत ह्यूम सायकलच्या चारही शर्यतींत पहिला आला. थोड्याच दिवसांत इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे एक वगळता सर्व शर्यती त्याने जिंकल्या. हसणारे गप्प झाले. पराभूत स्वारांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वे द्यू क्रो यांचे मुलगे होते. मुलांच्या पराभवात या पित्याला व्यापाराची संधी दिसली. त्यांनी डनलॉप यांच्याशी संबंध वाढवले आणि डब्लिनमधील एका जुन्या कंपनीचे पुनरुज्जीवन करून न्यूमॅटिक टायर अँड बूथ्स सायकल एजन्सी या नावाने व्यवसाय सुरू केला. पेटंटचे हक्क कंपनीकडे गेले. पशुवैद्यकी सोडून डनलॉप या नव्या उद्योगात शिरले आणि पुढे डब्लिनला स्थायिक झाले.

त्रेचाळीस वर्षांपूर्वीचे पेटंट

पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच ते अवैध असल्याचे डनलॉप यांना अधिकृतपणे कळवण्यात आले. स्कॉटलंडमधीलच स्टोनहेवन येथील रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये, १८४६ मध्ये फ्रान्समध्ये आणि १८४७ मध्ये अमेरिकेत हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. थॉमसन तेव्हा ऐन पंचविशीच्याही आतले होते. त्यांनी रबर लावलेल्या कापडाच्या नळीवर चामड्याचे आवरण चढवले होते आणि लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाके लावून त्यांची चाचणीही घेतली होती. डनलॉप यांना यातील काहीच ठाऊक नव्हते. थॉमसन १८७३ मध्येच निवर्तले होते.

थॉमसन यांची कल्पना अचूक होती, काळ मात्र प्रतिकूल होता. १८४७ मध्ये रस्त्यावर सायकली नव्हत्या. चांगले पातळ रबर महाग होते आणि घोडागाडीच्या मालकाला एवढ्या खर्चाची गरज वाटत नव्हती. १८८७ मध्ये परिस्थिती पालटली होती. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल नुकतीच लोकप्रिय होऊ लागली होती. लहान चाकांमुळे तिच्यावर हादरे अधिक बसत आणि ते सोसणारा माणूस स्वतःच पैसे मोजणारा ग्राहक होता. शोधाचे श्रेय थॉमसन यांचे, पण लोकांच्या चाकांपर्यंत तो पोहोचवला डनलॉप यांनी.

पेटंट गेल्यावर कंपनी तरली ती इतरांच्या कल्पकतेवर. डनलॉप यांच्या मूळ टायरमध्ये एक मोठी उणीव होती. तो रिमला कापड आणि रबरी द्रावणाने चिकटवलेला असे. पंक्चर झाले की सारे उसवून पुन्हा चिकटवावे लागे आणि वाळेपर्यंत वाट पाहावी लागे. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घालून तो रिममध्ये बसवण्याची युक्ती शोधली. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी कडेने रिमला पकडणारा टायर तयार केला. कंपनीने ही दोन्ही पेटंटे विकत घेतली. आजच्या मोटारीचा टायरही कडेतल्या तारेच्या जोरावरच रिमला घट्ट बसतो.

याच अडचणीतून फ्रान्समध्ये दुसरे एक घराणे पुढे आले. क्लेरमाँ-फेराँ येथील मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा सायकलचा टायर आणला आणि त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची शर्यत त्यावर जिंकली गेली. १८९५ मध्ये त्यांनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली. वाटेत अनेकदा पंक्चर झाली, परंतु मोटारही हवेवर चालू शकते हे सिद्ध झाले.

नाव कंपनीचे, चेहरा स्वतःचा

ज्या वर्षी मोटारीला हवेचे टायर लागले, त्याच १८९५ या वर्षी डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी द्यू क्रो यांनी सारा व्यवसाय अर्न्स्ट टेरा हूली या भांडवलदाराला ३० लाख पौंडांना विकला. हूलीने संचालक मंडळावर सरदार-उमरावांची नावे झळकवली आणि तीच कंपनी लोकांना ५० लाख पौंडांना विकली. या उलाढालीत डनलॉप कोठेच नव्हते. डब्लिनमधील एका कापडाच्या पेढीत त्यांचे हितसंबंध होते. खाऊन-पिऊन सुखी, प्रतिष्ठित गृहस्थाचे जीवन ते जगले, परंतु त्यांच्या नावावर इतरांनी मिळवलेल्या संपत्तीशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

नाव कंपनीला दिले तरी चेहरा आपलाच आहे, असे त्यांना वाटत असे. कंपनीने मात्र त्यांच्या दाढीधारी चेहऱ्याचाही जाहिरातींत मुक्तहस्ते वापर केला. त्या चेहऱ्याखाली उंच हॅट आणि हातात छडी असा नटवा पोशाख दाखवलेला होता. आयुष्यभर साधेपणाने राहिलेल्या या वृद्धाला ही आपली अप्रतिष्ठा वाटली आणि त्यांनी आपल्याच नावाच्या कंपनीला न्यायालयात खेचले. डनलॉप विरुद्ध डनलॉप असा हा वाद १९२१ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्दीचे निमित्त झाले आणि २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातील राहत्या घरी त्यांचे अनपेक्षितपणे निधन झाले. डीन्सग्रेंज येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला होता. १९२४ मध्ये त्यांच्या मुलीने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेने पुढे १० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले आणि २००५ मध्ये अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

नावाचा पुढील प्रवास

माणूस गेला, नाव मात्र देशोदेशी गेले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ फोर्ट डनलॉप हा विशाल कारखाना उभा राहिला. भारतात १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला आणि कित्येक दशके भारतीय मोटारींच्या व ट्रकच्या चाकांवर ते नाव दिसत राहिले. हा कारखाना पुढे आजारी पडला आणि अखेर बंद झाला. मूळ ब्रिटिश कंपनीही १९८५ नंतर विभागली गेली. आज हे नाव कोणाच्या मालकीचे, याचे उत्तर देशानुसार आणि वस्तूनुसार बदलते.

लहान, चपळ मोटारीच्या इतिहासातही या नावाला मानाचे स्थान आहे. अलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये मिनी ही गाडी आणली तेव्हा जागा वाचवण्यासाठी त्यांना अवघ्या १० इंचांची चाके हवी होती. एवढ्या लहान चाकाचा मोटारीचा टायर डनलॉपने तयार करून दिला. १९६१ मध्ये मिनीची वेगवान आवृत्ती, मिनी कूपर, बाजारात आली. १९६४ मध्ये मोंटे कार्लो रॅलीत मिनी कूपर एसने बड्या गाड्यांना मागे टाकून विजय मिळवला, तोही डनलॉपच्या टायरवर. गाडी चालवणारे पॅडी हॉपकर्क जन्माने बेलफास्टचे होते. ज्या शहरातील अंगणात पहिले चाक खांबावर आपटले, त्याच शहराच्या सुपुत्राने हा मान मिळवला, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

आजची निवड, जुनीच कसोटी

आजच्या वेगवान हॅचबॅकचा मालक टायर बदलायला जातो तेव्हा डनलॉप यांच्या अंगणातील प्रश्नच त्याच्यापुढे नव्या रूपात उभा असतो. गाडीचा भार रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. अकराशे किलोच्या गाडीच्या एका चाकावर सुमारे पावणेतीनशे किलो भार येतो. ३३ पीएसआय दाबाला त्यासाठी रस्त्यावर टेकलेला टायरचा भाग अवघा १२० चौरस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे पोस्टकार्डाएवढा असतो. वेग, ब्रेक आणि वळण यांचा सारा हिशेब अशा चार पोस्टकार्डांवर होतो.

टायरच्या बाजूवर १९५/५५ आर १६ ८७ व्ही असे लिहिलेले असेल, तर रुंदी १९५ मिलिमीटर आणि बाजूची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर असते. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८७ हा भारांक एका टायरवर ५४५ किलोपर्यंतचा भार दर्शवतो आणि व्ही हे अक्षर ताशी २४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगते. नवा टायर घेताना भारांक आणि वेगाचे अक्षर गाडीच्या कंपनीने नेमून दिल्यापेक्षा खालचे असू नये.

रुबाबासाठी रिम एका इंचाने वाढवून २०५/४५ आर १७ घेण्याचा मोह अनेकांना होतो. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, वळणावर गाडी अधिक तत्परतेने वळते. मात्र बाजूची उंची १०७ वरून ९२ मिलिमीटरवर येते. रस्ता आणि रिम यांच्यामधली हवेची गादी १५ मिलिमीटरने पातळ होते. गुळगुळीत रस्त्यावर हे जाणवत नाही, खड्ड्यात मात्र रिम वाकते किंवा बाजूला फुगा येतो. शिवाय या मापाच्या साध्या टायरचा भारांक ८४, म्हणजे ५०० किलो असतो. जादा भाराचा ८८ भारांकाचा टायर मागून घेतला नाही, तर गाडीची क्षमता नकळत कमी होते.

रबराचीही तीच गोष्ट. मऊ रबर रस्त्याला घट्ट धरते आणि लवकर झिजते. कडक रबर जास्त दिवस टिकते, परंतु ओल्या रस्त्यावर थांबायला अधिक अंतर घेते. टायरवरील खाचा शोभेच्या नाहीत, पोस्टकार्डाखालचे पाणी बाहेर फेकण्यासाठी आहेत. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलणे अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. पावसाळी प्रदेशात तोवर थांबणेही धोक्याचे. एका धुरेवरचे दोन्ही टायर एकाच प्रकारचे असावेत आणि दोनच नवे घेतले तर ते मागे लावावेत, म्हणजे ओल्या वळणावर गाडीचे मागचे अंग निसटत नाही. बाजूवरील चार आकडी खुणेवरून टायर कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात तयार झाला तेही कळते. दुकानात पडून जुना झालेला टायर नव्याच्या भावात घेण्याचे कारण नाही.

डनलॉप यांनी आपल्या चाकाची परीक्षा दिसण्यावरून केली नाही. दोन चाके एकाच अंगणात, एकाच जोराने लोटून कोणते पुढे जाते, एवढेच त्यांनी पाहिले. दिखाऊ चेहऱ्याच्या जाहिरातीविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या या पशुवैद्याला टायरची निवड रिमच्या झगमगाटावरून केलेली रुचली नसती. नवे टायर बसवल्यावरही एक काम उरतेच. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, हवेचा दाब तपासावा आणि तो दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढा ठेवावा. १८८७ मध्ये फुटबॉलच्या पंपाने भरली गेली तीच हवा आजही गाडीचा भार पेलते आहे.